कँटनच्या मास्तरांचे दोन मुलगे

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या, घशात गाठ निघाली आणि त्याला पस्तीस शेक घ्यावे लागले. आठवड्याचे पाच, म्हणजे सात आठवडे. रेडिएशनला आमच्याकडची जुनी माणसे अजून शेक म्हणतात; कोणी लाइट म्हणतात. इस्पितळात हा विभाग तळघरात होता. भिंती हातभर जाड, दरवाजा जुन्या तिजोरीसारखा. बाहेर बाकडी, आणि हातात टोकन. टोकन घेऊन बसणे मला नवे नाही, कारण बँकेत छत्तीस वर्षे मी काउंटरच्या आतल्या बाजूला होतो. आता बाहेरच्या बाजूला बसलो, एवढाच फरक.

तिसऱ्या आठवड्यापासून दादाला बोलणे अवघड झाले. घसा आतून भाजल्यासारखा होतो. मग तो माझ्याकडच्या जुन्या पे-इन स्लिपांच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून विचारू लागला. एके दिवशी त्याने लिहिले, की आत जे यंत्र आहे ते नेमके काय करते? मला उत्तर येत नव्हते. यंत्र चालवणाऱ्या मुलीला विचारले, तर ती म्हणाली की तो एक वेगवर्धक आहे. इलेक्ट्रॉनला वेग द्यायचा, त्याला धातूवर आपटायचे आणि निघालेला क्ष-किरण रोग्यावर सोडायचा. वेगवर्धक हा शब्द मी ऐकला होता, पण तो कुलाब्याच्या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या कामाचा असे समजत होतो. तो दादाच्या घशापर्यंत कसा आला याचा शोध घेऊ लागलो आणि अर्नेस्ट लॉरेन्स नावाच्या माणसापाशी येऊन थांबलो. पुढचे कित्येक दिवस त्याची गोष्ट मी वाचायची आणि बाकड्यावर बसून दादाला सांगायची, असा आमचा क्रम झाला.

अर्नेस्टचा जन्म ८ ऑगस्ट १९०१ चा. अमेरिकेतल्या साउथ डाकोटा राज्यात कँटन नावाचे लहान गाव आहे, तिथला. आजी-आजोबा नॉर्वेतून आलेले. वडील कार्ल तिथल्या शाळांचे प्रमुख, म्हणजे आपल्या भाषेत मास्तरच. आईही लग्नाआधी शिक्षिका होती. तिचे नाव गुंडा. हे नाव वाचून दादा इतक्या दुखण्यातही हसला. कोल्हापूर-सांगलीकडे गुंडा हे गड्याचे नाव असते आणि आमच्या वर्गात एक होताही. नॉर्वेच्या लोकांत मात्र ते बाईचे नाव. धाकटा भाऊ जॉन १९०४ चा. समोरच्या घरात राहणारा मर्ल ट्यूव्ह हा अर्नेस्टचा जिवलग मित्र. दोघांनी मिळून पोरवयातच बिनतारी संदेशाचे यंत्र घरी जुळवले होते. पुढे हा ट्यूव्हही नामांकित पदार्थवैज्ञानिक झाला. एका गल्लीत असे दोघे निघावेत ही गंमतच.

मास्तरांच्या घरी पैसा बेताचा. कॉलेजच्या सुट्टीत अर्नेस्ट ॲल्युमिनियमची भांडी घेऊन शेतकऱ्यांच्या दारोदार फिरे. स्वयंपाकघरात उभे राहून बायकांना भांड्याची महती पटवून द्यायची आणि ऑर्डर लिहून घ्यायची. या विक्रीतून त्याने शिक्षणाचा खर्च भागवला. मी बँकेत कर्जखात्यावर बरीच वर्षे होतो, त्यामुळे त्याच्या चरित्रातली ही नोंद मला फार महत्त्वाची वाटली. पुढे या माणसाने अमेरिकेतल्या मोठमोठ्या देणगीदारांकडून जो पैसा उभा केला, त्याची तालीम या स्वयंपाकघरांत झाली होती.

त्याला आधी डॉक्टर व्हायचे होते. साउथ डाकोटाच्या विद्यापीठात एका अध्यापकाने त्याला पदार्थविज्ञानाकडे वळवले. पुढे मिनेसोटा, शिकागो आणि मग येल, जिथे १९२५ मध्ये त्याने डॉक्टरेट घेतली. वैद्यकीचे राहिलेले स्वप्न जॉनने पुरे केले. १९२८ मध्ये अर्नेस्ट कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात गेला. येल सोडून तिकडे जाणे म्हणजे पुण्या-मुंबईची नोकरी सोडून आडगावी जाण्यासारखे, असे त्याच्या सहकाऱ्यांना वाटले. पण बर्कलीने त्याला लवकर वर चढवले. १९३० मध्ये, तिशीच्या आतच, तो तिथला पूर्ण प्राध्यापक झाला.

त्या काळी अणूच्या गाभ्यात काय आहे हे पाहण्याचा एकच मार्ग होता. बाहेरून वेगवान कण मारायचे आणि काय फुटते ते बघायचे. कणाला वेग द्यायला विजेचा दाब लागतो, आणि गाभा फोडायचा तर तो लाखो व्होल्टचा हवा. एवढा दाब एका जागी साठवायला गेले की ठिणग्या उडत आणि नळ्या फुटत. सगळेच या भिंतीपाशी अडले होते.

१९२९ च्या वसंतात एका संध्याकाळी लॉरेन्स विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून मासिके चाळत होता. एका जर्मन नियतकालिकात रॉल्फ विडरो नावाच्या नॉर्वेजियन अभियंत्याचा लेख होता. लॉरेन्सला जर्मन जेमतेम येत असे. त्याने मजकूर सोडला आणि आकृत्या पाहिल्या. विडरोने पंचवीस हजार व्होल्टचा धक्का त्याच कणांना लागोपाठ दोनदा दिला होता आणि पन्नास हजारांची ऊर्जा मिळवली होती. त्यासाठी त्याने सोडियम आणि पोटॅशियमचे विद्युतभारित अणू, म्हणजे आयन, वापरले होते. हायड्रोजनच्या मानाने हे बरेच जड अणू. जड आयनांच्या वेगवर्धनाची सुरुवात ती हीच. मात्र असे धक्के एका सरळ रेषेत देत गेले, तर नळी फार लांब होईल. लॉरेन्सच्या मनात आले, की चुंबकाने कणाची वाट वाकवली आणि त्याला गोल फिरवत त्याच जागी पुन्हा पुन्हा आणले तर?

हे दादाला कसे सांगावे याचा मी विचार केला आणि रिकरिंग डिपॉझिटचे उदाहरण दिले. एकदम लाख रुपये भरणारा खातेदार विरळा, पण दर महिन्याला ठरावीक लहान हप्ता भरणारे पुष्कळ असतात, आणि शेवटी रक्कम मोठी होते. लॉरेन्सच्या यंत्रात कण दर अर्ध्या फेरीला एक लहान हप्ता घेतो. वेग वाढला की त्याचे वर्तुळ मोठे होते. खुबी अशी, की वेग आणि वर्तुळ एकाच प्रमाणात वाढत असल्यामुळे प्रत्येक फेरीला लागणारा वेळ तेवढाच राहतो. म्हणून विजेची दिशा एका ठरलेल्या तालात बदलत राहिली की हप्ता चुकत नाही. ही खुबी कागदावर दिसली त्या रात्री त्याला झोप आली नसेल.

पहिले चालते यंत्र जानेवारी १९३१ मधले. काच, पितळ आणि लाखेने सांधलेली, तळहातावर मावेल अशी जेमतेम साडेचार इंचांची डबी. स्टॅन्ली लिव्हिंगस्टन या विद्यार्थ्याने ती चालवून दाखवली. दोन हजारांहून कमी व्होल्ट देऊन ऐंशी हजार व्होल्टची ऊर्जा निघाली. १९३२ च्या सुरुवातीला अकरा इंची यंत्राने दहा लाखांचा पल्ला ओलांडला. सायक्लोट्रॉन हे नाव प्रयोगशाळेत बोलता बोलता पडले आणि तेच कायम झाले. पेटंट मात्र एकट्या लॉरेन्सच्या नावावर निघाले. लिव्हिंगस्टनने रात्री जागून यंत्र उभे केले, पण श्रेय आपल्या वाट्याला पुरेसे आले नाही ही खंत त्याला राहिली, आणि ती मला खोटी वाटत नाही. साहेबाच्या सहीने नोट वर जाते आणि ती लिहिणारा कारकून खालीच राहतो, हे मी जन्मभर पाहिले आहे.

त्याच सुमारास डेव्हिड स्लोन या दुसऱ्या विद्यार्थ्याने विडरोची सरळ नळी लांबवली आणि पाऱ्याच्या जड आयनांना बारा लाख व्होल्टच्या वर नेले. हा स्लोन पुढे पुन्हा येणार आहे.

यंत्र मोठे करायचे तर मोठे चुंबक हवे. एका तार कंपनीच्या आवारात ऐंशी टनांचे चुंबक पडून होते. जुन्या पद्धतीच्या रेडिओसाठी केलेले, आता कुणाला नको असलेले. लॉरेन्सने ते फुकट मिळवले आणि ठेवायला विद्यापीठाची एक मोडकळीला आलेली लाकडी इमारतही मिळवली. हीच बर्कलीची प्रसिद्ध रेडिएशन लॅबोरेटरी. मंदीचे दिवस होते. विद्यार्थी कमी पैशात, काही तर बिनपगारी, रात्रंदिवस राबत. घरी लॉरेन्सचा रेडिओ अशा जागी लावलेला असे, की सायक्लोट्रॉनची घरघर त्यात ऐकू यावी. घरघर थांबली की तो फोन करून विचारी. त्याचे कर्जप्रकरणही अजब होते. एक यंत्र नीट चालायच्या आत दुसऱ्या मोठ्या यंत्राचा प्रस्ताव तयार असे, आणि तो मंजूर होई. सत्तावीस इंच, सदतीस इंच, साठ इंच. एप्रिल १९४० मध्ये रॉकफेलर फाउंडेशनने १८४ इंची यंत्रासाठी ११ लाख ५० हजार डॉलर दिले. माझ्या टेबलावर असा अर्जदार आला असता, तर मी आधीच्या प्रकल्पाचा पूर्णत्वाचा दाखला मागितला असता आणि विज्ञानाचे फार नुकसान केले असते.

या घाईची किंमत त्याने मोजलीही. १९३२ मध्ये अणुगाभा यंत्राने प्रथम फोडला तो केंब्रिजच्या कॉक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी, लॉरेन्सच्या यंत्राहून कमी ऊर्जा वापरून. ही बातमी आली तेव्हा लॉरेन्स लग्न होऊन मधुचंद्राला गेला होता. पत्नी मॉली ही येलच्या एका वैद्यकीय प्राध्यापकाची मुलगी. पुढच्याच वर्षी ब्रुसेल्सच्या परिषदेत त्याने जड हायड्रोजनचा गाभा फुटतो असा दावा केला. तो चुकीचा निघाला, कारण यंत्रातला मळ तसे दाखवत होता. १९३४ मध्ये पॅरिसला जोलिओ-क्यूरी पतिपत्नींनी कृत्रिम किरणोत्सर्ग शोधला. बर्कलीत तो रोज तयार होत होता, पण कुणी पाहिला नव्हता, कारण किरण मोजणारे उपकरण आणि सायक्लोट्रॉन एकाच बटणावर चालत. यंत्र बंद केले की मोजणीही बंद. बातमी आल्यावर त्यांनी बटणे वेगळी केली, तर काही मिनिटांत टिकटिक ऐकू आली. तिथे उभ्या असलेल्या पोरांना काय वाटले असेल!

१९३५ मध्ये जॉन येलहून भावाकडे आला. डॉक्टर माणूस, त्यामुळे इथली पोरे कसलेही आडोसे न करता यंत्राभोवती वावरतात हे पाहून तो हादरला. त्याने एक उंदीर एका लहान नळकांड्यात घालून यंत्राजवळ ठेवला. थोड्या वेळाने पाहिले तर उंदीर मेलेला. सगळ्यांची गाळण उडाली आणि यंत्राभोवती पाण्याच्या टाक्यांची भिंत उभी राहिली. उंदीर किरणांनी नव्हे, तर हवा न मिळाल्याने गुदमरून मेला होता हे नंतर कळले. पण ती भिंत राहिली ते बरेच झाले. पुढे जॉनने सायक्लोट्रॉनमध्ये तयार केलेला किरणोत्सर्गी फॉस्फरस रक्ताच्या कर्करोगाच्या रोग्याला दिला. असे कृत्रिम द्रव्य औषध म्हणून माणसाला देण्याची ती पहिली वेळ, साल १९३६.

आणि १९३७ मध्ये त्यांची आई आजारी पडली. ओटीपोटात कर्करोग. मेयो क्लिनिक ही त्या देशातली मोठी वैद्यकसंस्था. तिथल्या तज्ज्ञांनी शस्त्रक्रिया होणार नाही असे सांगितले आणि थोड्या महिन्यांची मुदत दिली. जॉन गेला, आईला आगगाडीत घातले आणि कॅलिफोर्नियाला घेऊन आला. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयात डॉ. रॉबर्ट स्टोन किरणोपचार करीत. त्यांच्याकडे मघाच्या स्लोनने बांधलेली क्ष-किरण नळी होती, सुमारे दहा लाख व्होल्टची. त्या वेळच्या नेहमीच्या नळ्या दोन लाखांच्या. त्यांचे किरण कातडी भाजत आणि खोलवर पोचेपर्यंत दुबळे होत. स्लोनच्या नळीचे किरण आतपर्यंत जात. सायक्लोट्रॉनने आईला वाचवले अशी गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते, ती तंतोतंत खरी नाही. वाचवले ते त्याच प्रयोगशाळेत, त्याच विचारातून निघालेल्या एका आडफाट्याने. पण वाचवले. गुंडाबाई त्यानंतर वर्षानुवर्षे जगल्या.

हे सांगितले त्या दिवशी दादाने स्लिप पुढे ओढली नाही. आमची आई १९७९ मध्ये गेली. तिलाही ओटीपोटातच झाला होता. मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, दादा सव्वीस वर्षांचा, जिल्हा परिषदेत नुकताच चिकटलेला. डॉक्टरांनी आम्हा मुलांना न सांगता मामांना बाजूला घेऊन सांगितले. आजाराचे नाव घरात कुणी उच्चारले नाही. आईला मुंबईला न्यावे असे दादाच्या मनात होते, पण पैसा, रजा, मुंबईत उतरायचे कुठे, आणि शिवाय वडील माणसांनी आता हाल नकोत असे ठरवलेले. एस.टी.च्या मागच्या बाकावर तिला आडवी निजवून आम्ही घरी परत आणले. दादाने तो विषय नंतर कधी काढला नाही, मीही नाही. दोन भाऊ आईला गाडीत घालून निघतात एवढेच दोन्ही गोष्टींत सारखे आहे.

लॉरेन्स बंधूंना या यशाने हुरूप आला. १९३८ पासून डॉ. स्टोन यांनी सायक्लोट्रॉनमधले न्यूट्रॉन रोग्यांवर वापरायला सुरुवात केली. पुढे साठ इंची यंत्रात त्यासाठी वेगळी सोय झाली. ती इमारत विल्यम क्रॉकर या बँकवाल्याच्या देणगीतून उभी राहिली होती, हे मी दादाला मुद्दाम सांगितले. १९४३ पर्यंत जवळजवळ अडीचशे रोगी झाले. बहुतेक हाताबाहेर गेलेले. काहींच्या गाठी विरघळल्या, पण जे जगले त्यांच्या निरोगी भागांवर वर्षा-दोन वर्षांनी भयंकर व्रण उमटले. युद्धानंतर स्टोन यांनी स्वतःच हिशेब मांडला आणि हा उपचार चालू ठेवू नये असे जाहीर केले. स्वतःच्या खात्यातली बुडीत रक्कम स्वतः जाहीर करणारी माणसे कमी असतात, म्हणून स्टोन यांच्याबद्दल मला आदर वाटतो.

१९३९ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक लॉरेन्सला मिळाले. युद्धामुळे स्टॉकहोमला जाता आले नाही. २९ फेब्रुवारी १९४० रोजी बर्कलीतच समारंभ झाला. आणि मग तो सगळाच युद्धात ओढला गेला. युरेनियमचे दोन प्रकार वजनात अगदी किंचित वेगळे. चुंबकातून फिरवले की जड थोडा बाहेरून वळतो आणि हलका थोडा आतून. हे लॉरेन्सइतके दुसरे कोण जाणणार? त्या तत्त्वावर टेनेसी राज्यात ओक रिज इथे अकराशेहून अधिक यंत्रे बसली. गुंडाळ्यांसाठी तांबे मिळेना, म्हणून अमेरिकी सरकारी खजिन्यातून १४,७०० टन चांदी उसनी घेतली. खजिन्याच्या अधिकाऱ्याला टन हा शब्दच रुचला नाही. त्यांच्याकडे चांदीचा हिशेब औंसात होई. शेवटची चांदी १९७० मध्ये परत जमा झाली, आणि छत्तीस लाखांतला एक भागसुद्धा कमी भरला नाही. तारण परत मिळण्याचे इतके चोख उदाहरण मी दुसरे वाचलेले नाही. यंत्रांच्या काट्यांवर नजर ठेवायला आसपासच्या खेड्यांतल्या, शाळा नुकती संपवलेल्या मुली होत्या. आपण काय तयार करतो हे त्यांना ठाऊक नव्हते. तयार झालेले युरेनियम ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर पडलेल्या बाँबमध्ये होते.

बाँब शहरावर न टाकता आधी त्याचे प्रात्यक्षिक दाखवावे या पर्यायाचा विचार करायला चार शास्त्रज्ञांची समिती होती. लॉरेन्स तीत होता. त्याने हा पर्याय सर्वांत उशिरापर्यंत धरून ठेवला असे सांगतात. पण समितीने अखेर दिलेल्या सल्ल्यात तोही सामील होता. युद्धानंतर त्याने हायड्रोजन बाँबचा जोराने पुरस्कार केला, १९५२ मध्ये त्यासाठी लिव्हरमोरची दुसरी प्रयोगशाळा उभारली, आणि ज्याच्या नावावरून आपल्या एका मुलाचे नाव रॉबर्ट ठेवले त्या ओपेनहायमरशी संबंध तोडले. मी कादंबऱ्या लिहितो आणि पात्राला एका रंगात रंगवू नये हे जाणतो. तरी आईला गाडीतून आणणाऱ्या घरातला हा मुलगा आणि हा बाँबवाला, यांची सांधेजोड मला जमलेली नाही. दादाने स्लिपवर लिहिले, की त्याला जमली होती का? त्याच्या मोठ्या आतड्याला व्रण पडले होते आणि दुखणे वर्षागणिक वाढत गेले, एवढेच मी सांगितले.

याच बाँबच्या कामातून सुटलेला एक जुना विद्यार्थी रॉबर्ट विल्सन. लॉरेन्सने त्याला दोनदा कामावरून काढले होते. एकदा रबराची चकती हरवली म्हणून, आणि एकदा महागडी पक्कड वितळवली म्हणून. या विल्सनने १९४६ मध्ये एक लहानसा लेख लिहिला. क्ष-किरण शरीरात शिरतो तेव्हा वाटेभर आपली ऊर्जा सांडत जातो आणि गाठीच्या पलीकडेही सांडतो. साध्या एस.टी.तून प्रत्येक थांब्यावर उतारू उतरावेत तसा. प्रोटॉन किंवा त्याहून जड आयन मात्र जलद गाडीसारखे. वाटेत थोडेच उतरतात आणि शेवटच्या स्टेशनावर गाडी एकदम रिकामी होते. वेग नेमका ठरवला तर ते शेवटचे स्टेशन गाठीतच आणता येईल, असे विल्सनने मांडले. त्याने कार्बनचाही उल्लेख केला होता. कार्बनसारखा जड आयन आजूबाजूला कमी विखुरतो आणि पेशीतल्या जनुकीय धाग्यांचे दोन्ही पदर जवळजवळ तोडतो. असा तुटलेला धागा गाठीतल्या पेशीला सहसा पुन्हा सांधता येत नाही. दोष एवढाच, की वाटेत काही आयन स्वतःच फुटतात आणि त्यांचे तुकडे थोडे पुढे जातात. फुकट काहीच नसते.

१९५४ मध्ये जॉन लॉरेन्स आणि कॉर्नेलियस टोबायस यांनी १८४ इंची यंत्रातला प्रोटॉन माणसावर प्रथम वापरला. १९५७ मध्ये बर्कलीत खास जड आयनांसाठी लांब सरळ यंत्र उभे राहिले. हायलॅक त्याचे नाव. विडरोच्या चित्रातली सरळ नळी अशी पुन्हा परत आली. अर्नेस्टला ते फार दिवस पाहता आले नाही. जुलै १९५८ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्याला अणुचाचण्यांवरील बंदीच्या वाटाघाटींसाठी जिनिव्हाला पाठवले. प्रकृती ठीक नसताना गेला, तिथे कोसळला. परत आणून आतड्यावर शस्त्रक्रिया केली. २७ ऑगस्ट १९५८ रोजी तो गेला, वय सत्तावन्न. मुलांसाठी घरच्या गॅरेजात त्याने रंगीत टीव्हीची नळी तयार करून दाखवली होती, ती कल्पना पुढे जपानच्या सोनी कंपनीने घेतली. मॉलीने १९८० च्या दशकात लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेवरून नवऱ्याचे नाव काढावे म्हणून विद्यापीठाकडे अर्ज केले. ते नाव अजून आहे.

१९६१ मध्ये हायलॅकवर कॅलिफोर्नियमच्या अणूंवर बोरॉनचे आयन मारले गेले. अठ्ठ्याण्णव अधिक पाच, एकशे तीन. निर्माण झालेल्या नव्या मूलद्रव्याला लॉरेन्सियम हे नाव दिले. मला समजलेले अणुविज्ञानातले हे एकमेव गणित.

पुढे १९७४ मध्ये हायलॅकची सुधारलेली आवृत्ती नळीने बेव्हाट्रॉन या थोरल्या यंत्राला जोडली. एकीकडे पदार्थवैज्ञानिक जड अणुगाभे एकमेकांवर आपटून फुटलेल्या ताऱ्यांतल्या घनतेचा पदार्थ शोधत, आणि त्याच यंत्राच्या दुसऱ्या खोलीत रोगी झोपलेला असे. १९९२ पर्यंत चारशेहून अधिक रोग्यांना मुख्यतः निऑनचे आयन दिले गेले. निऑन जरा जास्तच जड ठरला. जपानने चिबा इथे १९९४ मध्ये कार्बन निवडला आणि तिथे आजवर दहा हजारांहून अधिक लोकांवर उपचार झाले. जर्मनीत डार्मश्टाटच्या जड आयन प्रयोगशाळेने १९९७ मध्ये सुरुवात केली. प्रत्येक गाठीला हे लागतेच असे नाही, आणि एकेका केंद्राचा खर्च ऐकला तर आपल्याकडच्या जिल्हा बँकेचे ताळेबंद आठवतात.

आपला धागाही यात आहे. मेघनाद साहांनी १९३० च्या दशकात बर्कली पाहिले. त्यांचे शिष्य बसंती दुलाल नागचौधुरी लॉरेन्सकडे शिकून १९४१ मध्ये कलकत्त्याला सायक्लोट्रॉन उभारायला आले. त्यांच्या यंत्राचे पंप घेऊन येणारे जहाज युद्धात बुडाले. कुलाब्याला जड आयनांचे पेलेट्रॉन यंत्र १९८८ मध्ये सुरू झाले, ते संशोधनाचे. आणि खारघरला टाटा स्मारकाच्या केंद्रात २०२३ पासून प्रोटॉनने उपचार होतात.

पस्तिसाव्या दिवशी मी हे शेवटचे सांगत होतो. दादाने खारघर ऐकले, मान हलवली आणि स्लिप ओढून घेतली. आईला गाडीतून आणायला गेला तेव्हा तो धाकटा भाऊ किती वर्षांचा होता, असे त्याने लिहिले. मी वजाबाकी केली. तेहेतीस. दादाने त्याखाली सव्वीस हा आकडा लिहिला आणि स्लिप घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली. तेवढ्यात आमचा टोकन नंबर लागला.